गच्चीवरचा पाहुणा

बंगळूरच्या येलहंक्यात पावसाळा सरल्यावर गच्चीच्या पन्हाळीत साचलेल्या गाळातून लोहचुंबक फिरवा. काळे कण चिकटून येतील. बहुतेक इथलेच, वाहनांचे नि कारखान्यांचे. एखादा मात्र लघुग्रहावरून आलेला असू शकतो. तो ओळखायचा कसा?

गोव्यात दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील डॉ. एम. श्याम प्रसाद यांनी अवकाशातून आलेल्या अशा कणांच्या अभ्यासाला कित्येक वर्षे दिली. त्यांनी आणि डॉ. एन. जी. रुद्रस्वामी यांनी हे कण शोधले हिंदी महासागराच्या तळाशी. सुमारे ५ किलोमीटर खोलीवर हजार वर्षांत गाळाचा जेमतेम काही मिलिमीटर थर बसतो, त्यामुळे आकाशातून आलेले कण मातीत हरवत नाहीत.

गाळ चाळायचा, चुंबकाने कण वेचायचे, मग एकेक सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. सेकंदाला ११ किलोमीटरहून अधिक वेगाने वातावरणात शिरलेला कण वितळून थेंबासारखा गोल होतो. थिजताना त्याच्यावर स्फटिकांची नक्षी उमटते. ती त्याची एक खूण.

त्या इवल्या मण्यातले द्रव्य सुमारे ४५० कोटी वर्षांपूर्वीचे, ग्रह घडत होते तेव्हाचे. ते वाचायला दरवेळी यान लागत नाही. चाळणी, चुंबक, सूक्ष्मदर्शक आणि चिकाटीही पुरते.