पोट बांधलं नाही, म्हणून?

"बाळंतपणात पोट नीट बांधलं नाहीस, म्हणून हे असं सुटलं." मूल शाळेत जायला लागलं तरी बाईची या वाक्यातून सुटका होत नाही. बोलणारी कधी सासू असते, कधी शेजारच्या काकू, कधी मालीश करायला येणारी बाई. वजन पूर्वीइतकंच, हातपाय सडसडीत, तरी पोट पाचव्या महिन्यासारखं दिसतं आणि लोकलमध्ये कुणीतरी चांगुलपणाने उठून बसायला जागा देतं, तेव्हा ती स्वतःलाच बोल लावते: आपलाच आळस नडला. मग ती एक तर वर्षानुवर्षं नको ते व्यायाम करत राहते, नाहीतर चिडून एखाद्या जाहिरातीतल्या नंबरवर फोन करते. दोन्ही वेळा निर्णय चुकतो, कारण मुळातलं निदानच चुकीचं असतं.

बाळंतपणानंतर लगेच गर्भाशय साधारण एक किलोचं असतं. सहा आठवड्यांत ते आकसून शंभर ग्रॅमच्या आसपास येतं. पोटाला जुनं लुगडं गुंडाळा, पट्टा लावा किंवा काहीच लावू नका, हे आकसणं शरीर आपलं आपण करतं. बाळ अंगावर पीत असेल तर ऑक्सिटोसिनमुळे त्याला मदतही होते. राहिला 'पोट बांधलं नाही तर पोटात वारा धरतो' हा मुद्दा. चरकसंहितेच्या शारीरस्थानात बाळंतिणीचं पोट मोठ्या वस्त्राने गुंडाळायला सांगितलं आहे, हे खरं. पण तिथे दिलेलं कारण असं, की मोकळी जागा न मिळाल्याने वायू पोटात विकार करत नाही. कातडी घट्ट होईल किंवा कंबर पूर्ववत होईल, असं वचन त्यात नाही. ते आपण मागाहून जोडलं, आणि आता त्याच्या जोरावर बायकांना दोषी धरतो.

पट्टा निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. सिझर झालेल्या बाईला खोकताना, कुशीवर वळताना, उठताना टाक्यांना आधार मिळतो, बरं वाटतं. तेवढ्यासाठी तो जरूर वापरावा. पण श्वास पुरता घेता येऊ नये इतका आवळला, तर पोटातला दाब खाली ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर जातो, आणि बाळंतपणाने आधीच दमलेल्या त्या स्नायूंना नेमका तोच नको असतो.

मग पोट पुढे राहतं ते कशाने? पोटाच्या मधोमध, बरगड्यांपासून खाली ओटीपोटाच्या हाडापर्यंत, स्नायूंचे दोन उभे पट्टे असतात. त्यांना जोडणारी पांढरट चिवट पट्टी, लिनिआ अल्बा, गरोदरपणात ताणली जाऊन रुंद आणि पातळ होते. दोन पट्ट्यांमधलं हे वाढलेलं अंतर म्हणजे डायस्टॅसिस रेक्टाय. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पोर्तुगालमधल्या एका अभ्यासात पस्तिसाव्या आठवड्यात तपासलेल्या प्रत्येक गरोदर बाईत ते आढळलं. प्रत्येक बाईत! मूल वाढायला जागा त्यातूनच होते. पुढच्या वर्षी 'ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन'मध्ये नॉर्वेतल्या तीनशे पहिलटकरणींचा अभ्यास आला. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी ६० टक्के जणींत ते अंतर होतं, सहा महिन्यांनी ४५ टक्के आणि वर्ष झाल्यावरही जवळजवळ ३३ टक्के. म्हणजे तिघींतल्या एकीचं वर्षभरात पूर्ववत होत नाही. त्या एकीने आळस केला आणि उरलेल्या दोघींनी नाही, असं म्हणायला कुणाकडे काय आधार आहे?

याचा घरच्या घरी अंदाज घेता येतो. उताणं झोपून गुडघे दुमडायचे, बोटं बेंबीच्या जरा वर आडवी ठेवायची आणि डोकं-खांदे किंचित उचलायचे. मधल्या खळग्यात दोनपेक्षा जास्त बोटं मावली, किंवा तिथे उंचवटा उठून आला, तर फिजिओथेरपिस्टला दाखवावं. बेंबीपाशी मऊ गाठ येऊन जात असेल तर सर्जनला, कारण तो हर्निया असू शकतो आणि ते दुखणं वेगळं.

आता व्यायाम. यूट्यूब पाहून रोज शंभर क्रंचेस मारणाऱ्या बायका भेटतात तेव्हा वाईट वाटतं. इतकी मेहनत, आणि ती कुठे जाते? २०११ साली अमेरिकेत एक साधा प्रयोग झाला. सहभागी लोकांपैकी काहींनी सहा आठवडे फक्त पोटाचे व्यायाम केले. स्नायूंचा दम वाढला, पोटावरची चरबी मात्र कमी झाली नाही. ज्या जागेचा व्यायाम, त्या जागेची चरबी, असा हिशेब शरीर ठेवत नाही. डायस्टॅसिस असताना क्रंच मारताना पोट मधोमध उंच उठत असेल, तर तो व्यायाम थांबवून आधी आतल्या स्नायूंचे, श्वासाबरोबर करायचे व्यायाम शिकून घ्यावेत. त्याने ताकद येते, कंबरेला आधार मिळतो, काही जणींचं अंतरही कमी होतं. ऑपरेशनचा विचार करण्याआधी काही महिने हे मन लावून करावंच. मात्र सगळं नीट करूनही ते अंतर राहिलं, तर तो बाईचा पराभव समजू नये.

आणि कातडी? व्यायामाने पिळदार होईल असं कातडीत काही नसतं. तिचा ताण कोलॅजन आणि इलॅस्टिन या तंतूंवर टिकतो. परकराचं इलास्टिक एका मर्यादेपलीकडे ताणलं की सैलच राहतं, तसं या तंतूंचं होतं. कातडी किती ताणली गेली, किती वर्षं ताणलेली राहिली, वय काय, आनुवंशिकता कशी आणि तंबाखूचं व्यसन आहे का, यावर ती किती आकसणार ते ठरतं.

वजन उतरवलेल्यांच्या वाट्यालाही हीच बोलणी येतात, आणि त्यात पुरुषही आले. बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रियेनंतर चाळीस-पन्नास किलो उतरवलेल्या माणसाला लोक विचारतात, "जिमला जात नाहीस का?" मार्च २०२५ मध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही भारतात आल्यापासून इंजेक्शनांनी वजन उतरवणारे वाढले, आणि रिकाम्या पिशवीसारखी लोंबणारी कातडी पाहून हबकणारेही. मुंबईच्या किंवा कोकणच्या दमट हवेत पोटाखालच्या घडीत घाम साठतो, बुरशी होते, कातडी सोलवटते, वास येतो. पावडर लावून ते तात्पुरतं शमतं. ही तक्रार दिसण्यापुरती नाही, हे घरच्यांनी आणि कधीकधी डॉक्टरांनीही समजून घ्यायला हवं.

तेव्हा पोट पुढे दिसण्यामागे तीन निरनिराळी कारणं असू शकतात: चरबी, सैल कातडी आणि स्नायूंमधलं अंतर. चरबी आहार-व्यायामाने किंवा औषधाने उतरते. अंतरावर फिजिओथेरपीचा उपयोग होतो, पण हमी नाही. खूप ताणलेली जादा कातडी कापल्याशिवाय जात नाही. आपलं यातलं काय आहे, हे कळण्याआधी शस्त्रक्रिया हवी की नको हा प्रश्नच विचारू नये.

कारण उलट्या बाजूचा गैरसमजही तितकाच महाग पडतो: 'लायपो केलं की वजन उतरतं.' लायपोसक्शनने ठरावीक जागेची चरबी ओढून काढतात. कातडी आणि स्नायू आहेत तसेच राहतात, आणि आधीच सैल कातडी आतली चरबी गेल्यावर आणखी लोंबू शकते. तब्येतीच्या फायद्याचं म्हणाल, तर २००४ सालचा 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मधला अभ्यास पुरेसा बोलका आहे. पंधरा लठ्ठ स्त्रियांच्या पोटातून प्रत्येकी दहा किलोच्या आसपास चरबी काढली. दहा-बारा आठवड्यांनी तपासलं तर इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, कशातही फरक नव्हता.

टमी टक, म्हणजे अॅबडॉमिनोप्लास्टी, हे वेगळं आणि मोठं ऑपरेशन. त्याला 'मॉमी मेकओव्हर' असं गोंडस नाव देऊन, स्तनांची शस्त्रक्रिया आणि लायपो जोडून पॅकेज विकलं जातं, याचा मला मनापासून राग येतो. या ऑपरेशनात भूल देऊन, दोन ते पाच तास खर्चून, एका कुल्ल्यापासून दुसऱ्या कुल्ल्यापर्यंत छेद घेतात. स्नायूंमधलं अंतर टाके घालून मिटवतात, जादा कातडी कापतात, बेंबीसाठी नवं छिद्र करतात. बहुधा काही दिवस नळ्या राहतात, सहा आठवडे जड उचलायचं नाही. घरात दोन वर्षांचं मूल असेल तर 'जड'मध्ये तेही आलं! व्रण फिका होतो, जात नाही. अमेरिकेतल्या पंचवीस हजारांवर टमी टकच्या नोंदी २०१५ मध्ये तपासल्या गेल्या, तेव्हा गंभीर गुंतागुंतीचं प्रमाण ४ टक्के निघालं. इतर सौंदर्यशस्त्रक्रियांत ते १.४ टक्के होतं. सोबत आणखी शस्त्रक्रिया जोडल्या की धोका वाढत गेला. पायाच्या शिरेत गाठ होऊन ती फुप्फुसात जाणं हा त्यातला सर्वांत भीतीदायक प्रकार. म्हणून बाळंतपणानंतर किमान सहा महिने, आणि अंगावर पाजणं थांबल्यावर आणखी काही महिने थांबावं. वजन उतरवलेल्यांनी ते सहा महिने स्थिर राहू द्यावं. बॅरिअॅट्रिकनंतर साधारण वर्ष-दीड वर्ष जाऊ द्यावं, आणि प्रथिनं, लोह, बी-१२ तपासून घ्यावं, नाहीतर जखम भरत नाही. वजनाची इंजेक्शनं चालू असतील तर भूलतज्ज्ञाला आवर्जून सांगावं, कारण त्या इंजेक्शनांमुळे पोट रिकामं व्हायला वेळ लागतो. तंबाखू किमान चार आठवडे आधी बंद. "मी कुठे सिगारेट ओढते?" म्हणणाऱ्या बाईने मिश्रीही मोजावी. निकोटिन कुठूनही आलं तरी रक्तवाहिन्या आवळतंच आणि छेदालगतची कातडी मरू शकते.

'सिझर करतानाच टमी टक उरकून घेऊ' हे ऐकायला सोयीचं, पण तेव्हा गर्भाशय मोठं आणि कातडी ताणलेली असते, किती कापायचं ते कळत नाही आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. सिझरमध्ये पोटाचे स्नायू कापतात, हेही चूक. नेहमीच्या आडव्या छेदात ते मधोमध वेगळे करून बाजूला सारतात. टमी टकनंतर मूल होऊ शकतं, पण झालेलं काम बिघडतं, म्हणून दुसरं मूल हवं असेल तर थांबावं. अंगावर पाजल्याने स्तन ओघळतात म्हणून बाटली देणाऱ्यांसाठी: केंटकी विद्यापीठाच्या २००८ च्या अभ्यासात ओघळण्याचा संबंध वय, वजन, गरोदरपणांची संख्या आणि धूम्रपान यांच्याशी निघाला, पाजण्याशी नाही. स्ट्रेच मार्क टाळण्याच्या क्रीमवर पैसे घालण्याआधी एवढं माहीत असावं, की २०१२ च्या कोक्रेन आढाव्यात त्यांच्या उपयोगाचा भक्कम पुरावा सापडला नाही.

'आई झाल्यावर कशाला हे नखरे' हा शेरा मात्र एका ओळीत सोडता येत नाही. ऑस्ट्रेलियात नऊ केंद्रांवर टमी टक झालेल्या २१४ मातांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी त्यांची कंबरदुखी आणि लघवी निसटण्याची तक्रार बरीच कमी झालेली होती. अभ्यासात तुलनेसाठी शस्त्रक्रिया न केलेला गट नव्हता, आणि नॉर्वेच्या अभ्यासात डायस्टॅसिस असलेल्यांची कंबर इतरांपेक्षा जास्त दुखते असंही दिसलं नाही, हे दोन्ही लक्षात ठेवावं. तरी २०२२ पासून ऑस्ट्रेलियाची सरकारी मेडिकेअर योजना बाळंतपणानंतरच्या या शस्त्रक्रियेला मदत करते. अटी अशा: तपासणीत किमान तीन सेंटिमीटर अंतर, वेदना किंवा लघवीचा त्रास, फिजिओथेरपीने गुण न येणं आणि गेल्या बारा महिन्यांत गरोदरपण नसणं. आपल्याकडे निर्णय घेणाऱ्या बाईलाही या अटी मोजपट्टी म्हणून उपयोगी पडतील. आणि यातला कुठलाही त्रास नसताना केवळ आरशात बरं वाटावं म्हणून शस्त्रक्रिया करावीशी वाटली, तर तेही कारण पुरेसं आहे. फक्त ती इच्छा तिची हवी, नवऱ्याची किंवा नणंदेच्या शेऱ्याची नको. बाळंतपणानंतरची उदासी चालू असताना तर हा निर्णय घेऊच नये. आधी त्या उदासीवर उपचार व्हावेत.

पैशांचं आधीच स्पष्ट असलेलं बरं. आपल्या आरोग्य विम्यात सौंदर्यशस्त्रक्रिया वगळलेली असते. अपघात, भाजणं, कर्करोग यांनंतरची पुनर्रचना किंवा तब्येतीचा थेट धोका टाळण्यासाठी लागणारी शस्त्रक्रिया असेल तरच ती बसते, आणि तसं उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी लिहून द्यावं लागतं. घडीत वारंवार संसर्ग होत असेल तर त्वचारोगतज्ज्ञाच्या चिठ्ठ्या आणि फोटो जपून ठेवावेत. केवळ दिसण्यासाठीच्या शस्त्रक्रियेवर १८ टक्के जीएसटीही लागतो, तेव्हा सांगितलेला आकडा करासकट आहे का ते विचारावं.

डॉक्टरांच्या पाटीवर 'कॉस्मेटिक सर्जन' एवढंच असेल तर थांबावं. प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डीएनबी पदवी पाहावी, आणि नोंदणी क्रमांक महाराष्ट्र किंवा गोवा मेडिकल कौन्सिलकडे पडताळावा. पहिल्या भेटीत त्यांनी झोपवून, उभं करून पोट तपासलं का, पुढचं मूल, औषधं, तंबाखू यांची चौकशी केली का, अतिदक्षता विभाग कुठे आहे ते सांगितलं का, हे पाहावं. यातलं काहीच न करता त्याच दिवशी सवलतीच्या दरात तारीख देणाऱ्याकडून उठून यावं आणि दुसऱ्या सर्जनचं मत घ्यावं.