खवा कमी उतरला, दोष कोणाचा?

भूम भागातील कुंथलगिरीच्या खव्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. धाराशिव जिल्ह्याच्या या धंद्यात दुधाची पारख हेच खरे भांडवल. भट्टीवर खवा कमी उतरला की पहिला संशय गवळ्यावर जातो, दुधात पाणी घातले म्हणून. आमच्या मते हा संशय दर वेळी खरा नसतो.

दुधाचा कस आधी जनावराच्या जातीवर ठरतो. संकरित होल्स्टीन गाय दूध भरपूर देते, पण फॅट साडेतीनच्या आसपास राहते. म्हशीचे फॅट ६ ते ७ असते. म्हणून १० लिटर गायीच्या दुधातून साधारण पावणेदोन किलो, तर म्हशीच्या दुधातून सव्वादोन किलो खवा निघतो.

बाकीचे चारा आणि हवामान ठरवते. कडब्यासारख्या तंतुमय चाऱ्यातून जनावराच्या पोटात फॅटचा कच्चा माल तयार होतो. कडबा कमी व भरडा जास्त झाला की फॅट घसरते. उन्हाच्या तडाख्यात जनावर खात नाही, तेव्हाही कस उतरतो.

केवळ लॅक्टोमीटर पाहून निवाडा करू नये. पाण्याने आकडा खाली येतो, तसाच जास्त फॅटनेही येतो. फॅटची तपासणी सोबत करावी, गवळ्यासमोर करावी आणि त्यानुसारच भाव द्यावा. निर्दोष माणसावर तोहमत येणार नाही आणि आपली रोजीही हलाल राहील.