गच्चीवरचे ऊन आणि खारा वारा

चेन्नईच्या वेस्ट मांबलममधील गच्चीवरून समुद्र दिसत नाही. परंतु तो काही किलोमीटरवरच आहे आणि त्याचा खारा, दमट वारा येथवर पोहोचतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत घरगुती संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते. त्यामुळे अशा गच्चीवर सौर पॅनेल बसवण्याचा विचार अनेक कुटुंबे करतात.

पॅनेलच्या वीजनिर्मितीची हमी साधारणतः २५ वर्षांची असते. ही हमी पॅनेलची असते, त्याला पेलणाऱ्या सांगाड्याची नव्हे. अ‍ॅल्युमिनियमची चौकट व लोखंडी बोल्ट यांच्या सांध्यात खारट ओल शिरली, की गंज बळावतो. १२ डिसेंबर २०१६ रोजी चेन्नईवर आदळलेल्या ‘वरदा’सारख्या चक्रीवादळात असा कमकुवत सांधा प्रथम दगा देतो.

पॅनेलच्या आतील झीज डोळ्यांना सहसा दिसत नाही. उष्णता व ओल यांमुळे काचेखालील ईव्हीएच्या थरातून अ‍ॅसेटिक आम्ल सुटते आणि ते चांदीच्या सूक्ष्म वाहक रेषा हळूहळू कुरतडते. वीज घटते, कर्जाचा हप्ता मात्र घटत नाही!

म्हणूनच खरेदीपूर्वी ‘आयईसी ६१७०१’ या क्षार-तुषार चाचणीचे प्रमाणपत्र मागावे, सांगाडा जस्तलेपित घ्यावा आणि दरवर्षी पावसाळ्यापूर्वी सांधे तपासून घ्यावेत. कर्ज फिटल्यानंतरची वर्षे हीच या गुंतवणुकीची खरी कमाई. ती गंजाच्या हवाली का करावी?