घरभाडे गुंतवणूक आणि घरांची फेरविक्री (महाराष्ट्र)

घरभाडे गुंतवणूक म्हणजे स्वतः राहण्यासाठी नव्हे, तर भाड्याचे नियमित उत्पन्न आणि कालांतराने होणारी किंमतवाढ यांसाठी निवासी मालमत्ता विकत घेणे होय. घर स्वस्तात घेऊन, त्याची दुरुस्ती करून ते अल्पावधीत नफ्याने विकण्याच्या व्यवहाराला फेरविक्री किंवा अमेरिकेतून आलेल्या शब्दाने हाऊस फ्लिपिंग असे म्हणतात. महाराष्ट्रातील शहरांत पहिला प्रकार सर्रास आढळतो. दुसरा प्रकार मुद्रांक शुल्क व आयकराच्या रचनेमुळे क्वचितच लाभदायक ठरतो. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत घराच्या किमतीच्या मानाने भाडे कमी असल्याने केवळ भाड्यातून कर्जाचा हप्ता फिटत नाही. त्यामुळे नव्या गुंतवणूकदाराचे यशापयश मुख्यतः किंमतवाढीवर अवलंबून राहते.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भाड्यासाठी चाळ बांधणे हा मुंबईतील धनिकांचा रूढ व्यवसाय होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१८ मध्ये, मुंबईत भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा आला. त्यानंतरच्या १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या घरांचे प्रमाणित भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवले. युद्धकालीन टंचाईत भाडेकरूंना संरक्षण देणे हा त्यामागील हेतू होता. परंतु तात्पुरता मानला गेलेला हा कायदा वारंवार मुदतवाढ मिळून अर्धशतक टिकला. भाड्यातून दुरुस्तीचाही खर्च निघेनासा झाल्याने मालकांनी इमारतींकडे पाठ फिरवली आणि हस्तांतराच्या वेळी रोख घेतली जाणारी पागडी हेच जुन्या घरांचे खरे मोल बनले. मोडकळीस आलेल्या इमारतींसाठी १९६९ मध्ये शासनाला दुरुस्ती मंडळाचा कायदा करावा लागला. भाड्यासाठी नवी घरे बांधण्याचे प्रमाण रोडावले आणि मालकी हक्काच्या सदनिकांची पद्धत रुजली.

‘लिव्ह अँड लायसन्स’, म्हणजे केवळ वापराची परवानगी देणारा करार, ही भाडेनियंत्रणातून मालकांनी काढलेली पळवाट होती. मात्र १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या परवानाधारकांनाही भाडेकरूचा दर्जा दिला. या एका तारखेने मालकांच्या मनात बसवलेली धास्ती पुढील पिढीतही ओसरली नाही. घर भाड्याने देण्यापेक्षा कुलूप लावून ठेवलेले बरे, ही समजूत तिच्यातूनच दृढ झाली. २०११ च्या जनगणनेत भारताच्या शहरी भागांत सुमारे १.१ कोटी घरे रिकामी आढळली, त्यामागील कारणांपैकी ही धास्ती एक मानली जाते.

मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या प्रमाणित भाड्याच्या तरतुदी कालौघात अवाजवी व मनमानी ठरल्याचे म्हटले. त्यानंतर महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ संमत होऊन ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने जुन्या भाड्यात दरवर्षी ४ टक्के वाढीस मुभा दिली आणि पागडीला कायदेशीर मान्यता दिली. गुंतवणूकदाराच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट म्हणजे परवान्याची मुदत संपल्यावर घर परत मिळवण्याचा स्वतंत्र मार्ग त्याने खुला केला.

उत्पन्नाचा हिशेब

भाड्याचा परतावा मोजताना वार्षिक भाड्याला घराच्या किमतीने भागले जाते. जाहिरातींत बहुधा हाच ढोबळ आकडा असतो. प्रत्यक्ष हिशेब वेगळा निघतो, हे एका काल्पनिक उदाहरणावरून दिसते.

पुण्यातील ६० लाख रुपयांच्या सदनिकेला महिना १५,००० रुपये भाडे मिळते असे मानल्यास वार्षिक १.८० लाख, म्हणजे ३ टक्के ढोबळ परतावा होतो. त्यातून सोसायटीचा देखभाल खर्च ३०,०००, मालमत्ता कर १०,००० आणि दोन भाडेकरूंच्या मधला एक रिकामा महिना (१५,०००) वजा केल्यास १.२५ लाख उरतात. खरेदीच्या वेळी पुण्यात ७ टक्के दराने ४.२० लाख मुद्रांक शुल्क आणि ३०,००० रुपये नोंदणी शुल्क भरावे लागते. म्हणजे गुंतवलेली रक्कम ६४.५० लाख होते आणि निव्वळ परतावा २ टक्क्यांच्याही किंचित खाली येतो. रंगरंगोटी, नळ-वीज दुरुस्ती व दलाली यांत धरलेली नाही.

कर्ज घेतल्यास चित्र अधिक स्पष्ट होते. याच घरासाठी ४५ लाखांचे कर्ज ९ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे ४०,५०० रुपये येतो. भाड्यातून निव्वळ १०,४०० मिळत असल्याने दरमहा ३०,००० रुपये पगारातून किंवा अन्य उत्पन्नातून घालावे लागतात. पहिल्या वर्षाचे व्याज सुमारे ४ लाख असते. भाडे वजा जाता २.७५ लाखांची तूट उरते. ती भरून निघण्यासाठीच घराची किंमत वर्षाला साडेचार टक्क्यांहून अधिक वाढावी लागते. स्वतःच्या खिशातून घातलेले साडेएकोणीस लाख मुदतठेवीत ७ टक्क्यांनी ठेवले असते असे धरल्यास हा उंबरठा जवळजवळ ७ टक्क्यांवर जातो. घराची किंमत त्याहून कमी वेगाने वाढली, तर भाडेकरू कितीही चांगला मिळाला तरी गुंतवणूक ठेवीपेक्षा मागे पडते.

भारतीय रिझर्व्ह बँकेच्या निकषांनुसार गृहकर्ज ३० लाखांपर्यंत असल्यास मालमत्तेच्या किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या टप्प्यात ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के इतकीच कमाल रक्कम देता येते. सामान्यतः मुद्रांक व नोंदणी शुल्क या किमतीत धरले जात नाही. ते रोकड बाजूला ठेवूनच भरावे लागते, आणि पहिल्यांदा घर घेणाऱ्यांची ओढाताण बहुधा येथेच होते.

भाडेकरार

१९९९ च्या अधिनियमाच्या कलम ५५ नुसार भाड्याचा अथवा परवान्याचा करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक असून नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. नोंदणी न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याहून मोठा धोका असा की, वाद झाल्यास विरुद्ध पुरावा मिळेपर्यंत करारातील अटींविषयी भाडेकरू जे सांगेल तेच ग्राह्य मानले जाते. मुद्रांकावर केवळ नोटरी करून भागवण्याची प्रथा अजूनही दिसते. तिच्यामुळे वाचणारा खर्च नगण्य असतो. परवाना करारावरील मुद्रांक शुल्क संपूर्ण मुदतीच्या एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के असून अनामत रकमेवरील काल्पनिक व्याजही त्या हिशेबात धरले जाते. महानगरपालिका क्षेत्रात नोंदणी शुल्क १,००० रुपये आहे. आधार पडताळणीद्वारे ही नोंदणी घरबसल्याही करता येते.

नोंदणीकृत करार असल्यास कलम २४ नुसार मुदत संपल्यावर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे ताबा मागता येतो. तोवर घर न सोडणाऱ्या परवानाधारकाला दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. याउलट जुना पागडीचा भाडेकरू असलेले घर विकत घेणाऱ्याला हा मार्ग उपलब्ध नसतो. असे घर स्वस्त दिसते, पण ताब्याचा दावा लघुवाद न्यायालयात वर्षानुवर्षे चालू शकतो.

सहकारी गृहनिर्माण संस्थेतील सदनिका भाड्याने दिल्यास संस्था बिनभोगवटा शुल्क आकारते. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने त्याची कमाल मर्यादा सेवाशुल्काच्या १० टक्के ठरवली असून मालमत्ता कर या सेवाशुल्कात मोजायचा नसतो.

करआकारणी

भाड्याच्या उत्पन्नातून भरलेला मालमत्ता कर वजा करून उरलेल्या रकमेवर ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते, मग प्रत्यक्ष दुरुस्ती झालेली असो वा नसो. कर्जाचे व्याजही वजा होते. परंतु जुन्या करप्रणालीत यातून होणारा तोटा पगारासारख्या अन्य उत्पन्नातून वर्षाला २ लाखांपर्यंतच वळता करता येतो आणि नव्या करप्रणालीत मुळीच करता येत नाही. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची अनेक घरे पुण्या-मुंबईत भाड्याने दिलेली असतात. मालक अनिवासी असल्यास भाड्याची रक्कम कितीही असली तरी करकपात करण्याची जबाबदारी भाडेकरूवर येते, याची दोन्ही बाजूंना अनेकदा कल्पना नसते.

फेरविक्री

अमेरिकेत फेरविक्रीचा व्यवसाय जुनी घरे लिलावात किंवा अडचणीतील मालकांकडून स्वस्तात मिळण्यावर उभा आहे. महाराष्ट्रात नेमकी ही स्वस्त खरेदीच अडचणीची ठरते. मुद्रांक शुल्क करारातील किंमत आणि रेडीरेकनरचे मूल्य यांपैकी जे अधिक असेल त्यावर आकारले जाते. शिवाय रेडीरेकनरपेक्षा १० टक्क्यांहून अधिक कमी किमतीला घर घेतल्यास तो फरक आयकराच्या दृष्टीने खरेदीदाराचे उत्पन्न मानला जातो. सौदा जितका किफायतशीर, तितका कराचा भार वाढतो.

वरील ६० लाखांच्या घरावर ४ लाखांची दुरुस्ती करून ते आठ महिन्यांनी विकायचे म्हटल्यास मुद्रांक व नोंदणी ४.५० लाख, व्याज सुमारे २.७० लाख आणि खरेदी-विक्रीच्या वेळची प्रत्येकी १ टक्का दलाली सुमारे १.३० लाख असा एकूण साडेबारा लाखांचा खर्च होतो. म्हणजे किंमत २१ टक्के वाढवून मिळाली तरच व्यवहार बरोबरीत सुटतो. त्यापुढील नफा दोन वर्षांच्या आतील विक्रीमुळे अल्पकालीन भांडवली नफा ठरून सामान्य दराने करपात्र होतो. दोन वर्षांनंतर विकल्यास २३ जुलै २०२४ पासून लागू झालेला १२.५ टक्के दर लागतो. वारंवार असे व्यवहार करणाऱ्याचे उत्पन्न व्यवसायाचे उत्पन्नही मानले जाऊ शकते.

या कारणांमुळे येथे फेरविक्री प्रामुख्याने बांधकामाधीन घरांची झाली. प्रकल्प सुरू होताना नोंदणी करायची आणि ताब्याआधी हक्क विकून टाकायचा, अशी ही पद्धत होती. अनेकदा तिला केवळ वाटपपत्राचा आधार असे. स्थावर संपदा अधिनियमाच्या तरतुदी १ मे २०१७ पासून राज्यात महारेरामार्फत अंमलात आल्यावर तिला आळा बसला. आता नोंदणीकृत करार केल्याशिवाय विकासकाला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, त्यामुळे मुद्रांक शुल्क सुरुवातीलाच भरावे लागते. विकासकाकडून गुंतवणूकदार म्हणून घेतलेली सदनिका ठरावीक मुदतीत पुढे विकल्यास आधी भरलेले मुद्रांक शुल्क पुढील व्यवहाराच्या शुल्कात वळते करण्याची सवलत कायद्यात आहे. ही मुदत पूर्वी एक वर्षाची होती. २०२२ मध्ये ती तीन वर्षांची करण्यात आली.