स्लॅबचं वय तीस नसतं: गच्ची कधी तपासायची?

मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीची मीटिंग होती. डोंबिवलीतली सत्तावीस वर्षांची चार मजली बिल्डिंग. चौथ्या मजल्यावरच्या काकूंच्या हॉलमध्ये छताचा ताटाएवढा पोपडा पडला होता. सेक्रेटरी काका म्हणाले, "अजून तीस वर्षं कुठे झालीत? ऑडिट नंतर बघू, आधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून घेऊ." मग सगळे माझ्याकडे वळले. "तू गंजावरच पीएचडी करतोयस ना? सांग बघू." दोन मिनिटांत मला काही धड सांगता आलं नाही. जे सांगायचं राहिलं ते इथे लिहितोय. रिसर्चच्या तयारीत असलेल्यांना यात स्लॅबपलीकडचंही काही सापडेल.

आधी तो तीसचा आकडा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५ अ नुसार इमारतीला तीस वर्षं झाली की मालकाने किंवा सोसायटीने स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यायचं असतं. दर उन्हाळ्यात पालिकेच्या नोटिसांमध्ये आपण हेच वाचतो. ऑडिटनंतर इमारतीला वर्ग मिळतो: सी-१ म्हणजे अतिधोकादायक, लगेच रिकामी करून पाडायची; सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती; सी-२बी म्हणजे माणसं राहत असतानाच दुरुस्ती; सी-३ म्हणजे किरकोळ. पण गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत वेगळं लिहिलंय. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर पाच वर्षांनी, त्यापुढे दर तीन वर्षांनी. म्हणजे आमच्याकडे आतापर्यंत दोन ऑडिटं तरी व्हायला हवी होती. झालेलं एकही नाही.

नियम बाजूला ठेवू. स्लॅबला स्वतःचं वय कळत नाही. त्याला कळतं ते एवढंच, की हवेतला कार्बन डायऑक्साइड सळईपर्यंत पोचला की नाही.

नव्या काँक्रीटचा पीएच १२.५ ते १३ असतो. एवढ्या अल्कधर्मी वातावरणात सळईवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो आणि तोच तिला गंजापासून वाचवतो. कार्बन डायऑक्साइड आत शिरत जातो तसा पीएच उतरतो. साधारण ९ च्या खाली गेला की तो थर टिकत नाही. याला कार्बोनेशन म्हणतात. गंमत अशी की ही प्रक्रिया वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात पुढे सरकते: खोली = k√t.

समजा k ची किंमत २.५ मिमी प्रति √वर्ष आहे. सळईवर काँक्रीटचं १५ मिमी कव्हर असेल (१९७८ च्या आयएस ४५६ मध्ये स्लॅबसाठी किमान एवढंच होतं), तर सळईपर्यंत पोचायला ३६ वर्षं लागतील. आता साइटवर कव्हर ब्लॉक ठेवलेच नाहीत, स्लॅब भरताना माणसं सळयांवरून चालली, जाळी खाली दबली आणि कव्हर उरलं ७.५ मिमी. किती वर्षं लागतील? अठरा नाही. नऊ! कव्हर अर्धं झालं की वेळ पाव होतो. त्यामुळे एकाच बिल्डिंगमध्ये, एकाच दिवशी भरलेल्या स्लॅबचा एक कोपरा छत्तिसाव्या वर्षी आणि दुसरा नवव्या वर्षी गंजायला लागू शकतो. 'इमारतीचं वय' हा प्रॉक्सी व्हेरिएबल आहे. तो मोजायला सोपा असतो म्हणून नियमात येतो. तुमच्याही डेटात असे दोन-चार सापडतील.

यात आपलं हवामान अगदी कामाला लागतं. काँक्रीट पाण्याने भरलेलं असताना कार्बोनेशन मंदावतं. मध्यम आर्द्रतेत, म्हणजे साधारण ५० ते ७० टक्क्यांना, ते जोरात चालतं. गंजायला मात्र पाणी लागतं. त्यामुळे कोरड्या महिन्यांत छताच्या खालच्या बाजूने वायू शिरतो आणि पावसाळ्यात गच्चीवरून पाणी येतं. दोघांनी पाळ्या वाटून घेतल्यासारखं. त्यात खाडीची न धुतलेली रेती वापरली असेल, तर क्लोराइड पहिल्या दिवसापासून आतच असतं. ते कार्बोनेशनची वाट बघत नाही, सळईला एका जागी खोल खड्डा पाडतं. अशा वेळी छताला फुगवटा येण्याआधीच सळई बरीच कमजोर झालेली असू शकते.

नेहमीच्या गंजात लोखंडाचं आकारमान दुपटीपासून सहापटीपर्यंत वाढतं आणि ते खालचं काँक्रीट ढकलून देतं. आपल्याला पोपडा दिसतो तो तेव्हा. म्हणजे पोपडा हे सुरुवातीचं लक्षण नाहीच. ८ मिमीच्या सळईचा सगळीकडून १ मिमी गंजला तर उरलेला व्यास ६ मिमी, पण क्षेत्रफळ उरतं ५६ टक्के.

मग कधी तपासायचं? माझं उत्तर: पंधरा वर्षं झाली की पहिल्यांदा, काहीही दिसत नसताना. आणि शक्यतो पावसाळा संपल्यावर लगेच, ऑक्टोबरात. ओल कुठे आहे ते तेव्हा स्पष्ट दिसतं आणि दुरुस्तीला मेपर्यंत वेळ मिळतो. मे महिन्यात घाईघाईने केलेल्या हाफ-सेल चाचणीबद्दल मला थोडी शंका असते. त्या चाचणीत −३५० मिलिव्होल्टपेक्षा ऋण रीडिंग आलं तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त धरतात. पण खडखडीत सुकलेलं काँक्रीट नीट ओलं न करता मोजलं तर रीडिंग उगाचच चांगलं येतं. रिबाउंड हॅमरचंही तसंच. कार्बोनेशनने पृष्ठभाग कडक होतो, हॅमर जास्त उसळतो आणि आजारी स्लॅब धडधाकट वाटतो. दोन्ही उपकरणं खोटं बोलत नाहीत, आपण विचारलेला प्रश्न आणि त्यांनी दिलेलं उत्तर वेगळं असतं. म्हणून ऑडिटरला विचारा: कार्बोनेशनची खोली मोजली का? प्रत्यक्ष कव्हर किती ठिकाणी मोजलं?

आता वॉटरप्रूफिंग. ते करू नये असं मी म्हणत नाही, पाणी थांबवायलाच हवं. पण जुना कोबा न काढता वर नवा ब्रिकबॅट कोबा घालायची जी पद्धत आहे, तिचं गणित करून बघा. १० सेंमी जाडीचा कोबा म्हणजे चौरस मीटरला सुमारे २०० किलो. वापरातल्या गच्चीवर माणसांचा वगैरे भार धरतात तो सुमारे १५० किलो. म्हणजे गंजलेल्या सळयांच्या स्लॅबवर गर्दीपेक्षा जास्त वजन आपण कायमचं ठेवतो, तेही पैसे देऊन. आणि खालून फक्त पडलेल्या जागी प्लास्टर मारलं, तर शेजारची सळई कधीकधी आधीपेक्षा जोरात गंजते, कारण दुरुस्त तुकडा कॅथोड होतो आणि बाजूचा भाग अॅनोड.

हा भाराचा मुद्दा मला हलका वाटत नाही. २० मे २०२५ ला कल्याण पूर्वेतल्या सप्तशृंगी इमारतीत चौथ्या मजल्यावर फरशीचं काम चालू असताना स्लॅब कोसळला आणि सहा जण गेले. त्याआधी २८ मे २०२१ ला उल्हासनगरच्या साईसिद्धी इमारतीत पाचव्या मजल्याचा स्लॅब थेट तळापर्यंत आला, सात जण गेले. दोन्ही घटना पावसाळा सुरू व्हायच्या आधीच्या. वरचा एक स्लॅब पडला की खालचे त्याच्या आघाताने जातात. म्हणून "गच्ची गळते हा चौथ्या मजल्याचा प्रश्न" हे तळमजल्यावरच्यांनी म्हणू नये. शिवाय गच्चीतून पावसाचं पाणी गळून वरच्या फ्लॅटचं छत खराब झालं, तर त्याची दुरुस्ती उपविधींनुसार सोसायटीच्याच खर्चाने होते.

ऑडिट टाळण्यामागे अडाणीपणा असतो असं मात्र मला वाटत नाही. सी-१ आला तर जायचं कुठे, ही भीती असते. ज्यांच्या इमारतीला ओसीच नाही, त्यांना पुनर्विकासाचीही खात्री नाही. सेक्रेटरी काकांचं सगळं पीएफ याच फ्लॅटमध्ये गेलंय. त्यांना k√t सांगून उपयोग नव्हता.

मीटिंगनंतर मी काकूंच्या घरी स्टुलावर चढलो. पोपड्याच्या कडेचा ताजा तुकडा तोडला, धूळ झटकली आणि फिनॉफ्थॅलीन मारलं. निरोगी काँक्रीट लगेच गुलाबी होतं. आमचं सळईपर्यंत पांढरंच राहिलं, गुलाबी रंग सळईच्या मागे सुरू झाला. पट्टी लावली, कव्हर नऊ मिमी. काका खालून बघत होते. "हे सगळीकडे असंच असेल का?" त्यांनी विचारलं. एका जागेवरून सांगता येणार नाही, म्हटलं. चौथ्या मजल्याचे चारही फ्लॅट मोजावे लागतील. पुढच्या रविवारी तीन ऑडिटरांची कोटेशन्स मागवायचं ठरलंय, आणि कोब्याचं काम तोवर थांबवलंय.