लग्नापायी गेलेलं दीड एकर आणि एका गावाचं नाटक



गटाच्या बैठकीत आम्ही रेडिओचा नाहीतर पथनाट्याचा विषय काढला की कुणीतरी विचारतंच, "यानं चूल पेटते का? त्यापेक्षा शेळीपालनाचं बोला की!" प्रश्न रास्त आहे. ज्या बाईचा हप्ता थकलाय तिला नाटक-गाणी कशाला सुचतील? तरीही आज आम्ही नाटकाचीच गोष्ट सांगणार आहोत. आफ्रिकेतल्या केनिया देशात एका गावानं नाटक केलं. त्या नाटकात होतं कर्ज, लग्न आणि गहाण पडलेली जमीन. आता सांगा, हा विषय चुलीपासून लांबचा आहे का?

गावाचं नाव कामिरीथू. केनियाची राजधानी नैरोबी, तिच्याजवळच्या लिमुरू भागात हे गाव आहे. थंड हवा आणि दूरवर पसरलेले चहाचे मळे. तिथं पूर्वी इंग्रजांचं राज्य होतं. सुपीक जमिनी गोऱ्यांनी बळकावल्या, तेव्हा लोकांनी बंड केलं. ते मोडायला इंग्रजांनी 1950 नंतरच्या काळात माणसं आपापल्या जागेवरून उठवली आणि पहाऱ्यात राहतील अशा नव्या वस्त्यांत कोंबली. कामिरीथू ही त्यातलीच एक वस्ती. 1963 मध्ये केनिया स्वतंत्र झाला, पण इथल्या कित्येकांच्या हाती जमीन आलीच नाही. कुणी मळ्यावर रोजंदारीला जायचं, कुणी चपला-बुटांच्या कारखान्यात, आणि बरीच पोरं रिकामी होती.

लिमुरूजवळच न्गुगी वा थिओंगो नावाचे मोठे लेखक राहायचे. ते नैरोबीच्या विद्यापीठात शिकवायचे. 1976 साली एके दिवशी सकाळी कामिरीथूची एक बाई त्यांच्या दारात उभी राहिली. तुम्ही एवढं शिकलात, पुस्तकं लिहिता, मग त्यातलं थोडं गावाला का देत नाही, असं तिनं सरळ विचारलं. गावातलं युवक केंद्र मोडकळीला आलं होतं, ते उभं करायला मदत करा, असं तिचं म्हणणं. एकदा सांगून ती गप्प बसली नाही. रविवारमागून रविवार येत राहिली, ते केंद्रावर येईपर्यंत. मैत्रिणींनो, हे नीट लक्षात घ्या. या कामाची सुरुवात कुठल्या योजनेतून झालेली नाही. गावातल्या एका बाईनं ते मागून घेतलं.

केंद्रात पहिल्यांदा प्रौढांचे साक्षरता वर्ग सुरू झाले. न्गुगी वा मिरी नावाचे दुसरे कार्यकर्ते ते बघायचे. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांची पद्धत त्यांनी घेतली होती. म्हणजे नुसती बाराखडी गिरवायची नाही. मजुरी, जमीन, भूक असे आपल्या जगण्यातले शब्द घ्यायचे, ते लिहायला शिकायचे आणि त्यावर बोलायचं. मजुरी एवढी कमी का? जमीन कुणाकडे गेली? अक्षर शिकता शिकता माणसं प्रश्न विचारायला शिकली.

मग गाव म्हणालं, आता नाटक करू. संहिता लिहायचं काम दोन्ही न्गुगींवर सोपवलं. भाषा ठरली लोकांची, किकुयू. त्या काळी केनियात मोठ्या रंगमंचावर इंग्रजीचाच मान होता. न्गुगींनी स्वतःच्या कादंबऱ्या तोवर इंग्रजीतच लिहिल्या होत्या.

कच्चा मजकूर गावासमोर वाचला गेला आणि खरं शिक्षण तिथून पुढे झालं. लोक टोकायला लागले. म्हातारा माणूस असं बोलतो होय? एका प्रसंगात लग्नाची जुनी सवाल-जवाबाची गाणी हवी होती. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्या असतात ना, तसा तो बायांचा ठेवा. ती गाणी एका निरक्षर म्हातारीनं शब्दन् शब्द सांगितली. विद्यापीठाचे प्राध्यापक लिहून घेत होते आणि म्हातारी शिकवत होती! तालमी उघड्यावर चालायच्या. कुणीही यावं, बघावं, सुचवावं. रंगमंचही गावानंच बांधला. आधी काड्यापेटीच्या काड्यांचा नमुना केला, मग तसं दोनेक हजार माणसं बसतील असं खुलं नाट्यगृह उभं केलं.

आता नाटकाची गोष्ट ऐका. कीगुंडा हा शेतमजूर. त्याची बायको वांगेची, मुलगी गथोनी. त्यांच्याकडे फक्त दीड एकर जमीन. आपण सातबारा जपतो तसा तो जमिनीचा कागद जपतो. एक दिवस ज्याच्याकडे तो राबतो तो श्रीमंत मालक बायकोसह घरी येतो. मालकाच्या मुलाचं आपल्या गथोनीवर मन आहे, सोयरीक होईल, असं नवरा-बायकोला वाटतं. पण मालक म्हणतो, आधी तुमचं स्वतःचं लग्न चर्चमध्ये रीतसर लावा. रूढीप्रमाणे लग्न होऊन यांना किती वर्षं झालेली! तरी इभ्रतीसाठी कीगुंडा दीड एकर गहाण टाकून बँकेचं कर्ज काढतो. कपडे येतात, सामान येतं. पुढं काय होतं? मालकाचा मुलगा गथोनीला दिवस गेल्यावर सोडून देतो, कीगुंडाची नोकरी जाते, हप्ते थकतात आणि जमिनीचा लिलाव होतो. जमीन जाते ती मालकाच्याच गोतावळ्यात.

या नाटकाचं नाव 'न्गाहिका न्देंडा', म्हणजे 'माझी मर्जी होईल तेव्हा लग्न करीन'. 2 ऑक्टोबर 1977 ला ते सुरू झालं. दूरदूरच्या गावांहून माणसं गाड्या करून आली. रंगमंचावर शेजारपाजारची माणसं होती आणि त्यांच्या तोंडी आपलीच भाषा होती.

सत्तेला ते सोसलं नाही. 16 नोव्हेंबरला, म्हणजे दीड महिन्यातच, प्रयोगाचा परवाना काढून घेतला. डिसेंबरच्या अखेरीस न्गुगी वा थिओंगो यांना अटक झाली. खटला नाही, सुनावणी नाही, वर्षभर तुरुंग. तिथं त्यांनी शौचाला मिळणाऱ्या कागदावर किकुयू भाषेत कादंबरी लिहून काढली. सुटून आल्यावर गावानं पुन्हा नवं संगीत नाटक बसवायला घेतलं. त्यालाही परवानगी मिळाली नाही, तरी नुसत्या तालमी बघायला हजारो माणसं लोटली. अखेर मार्च 1982 मध्ये पोलिसांनी ते खुलं नाट्यगृह पाडून टाकलं. न्गुगींना पुढची कित्येक वर्षं देशाबाहेर काढावी लागली.

मग हाती काय राहिलं? रंगमंच गेला, पण जे लिहायला, बोलायला आणि विचारायला शिकले त्यांच्याकडून ते कुणाला काढून घेता आलं नाही. न्गुगींनी पुढच्या कादंबऱ्या किकुयूतच लिहिल्या. आणि 2022 साली तेच नाटक नैरोबीच्या राष्ट्रीय नाट्यगृहात झालं. न्गुगी 2025 मध्ये वारले, त्याआधी एवढं घडलं.

आम्हाला यातून आपल्या गटांसाठी तीन गोष्टी घ्याव्याशा वाटतात.

पहिली, विषय आपला हवा. कर्जाचा अर्ज भरताना कारण लिहिलेलं असतं घरदुरुस्ती, आणि खरं कारण असतं लेकीचं लग्न, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. बैठकीत त्यावर कुणी बोलत नाही, कारण ज्या घरचं झाकायचं ते घर समोर बसलेलं असतं. नाटकातल्या कीगुंडाबद्दल मात्र सगळ्या मोकळ्या बोलतील. त्याला नावं ठेवता ठेवता आपलाही हिशेब मांडतील.

दुसरी, संहिता बाहेरून छापून आणू नका. आली तरी गटापुढं वाचा आणि बायांना टोकू द्या. जिला सही येत नाही तिच्याकडे गाणी आहेत, म्हणी आहेत, सासरच्या चार पिढ्यांच्या आठवणी आहेत. तिला शिकवणारीच्या जागी बसवा.

तिसरी, खर्चाची भीती बाळगू नका. समाजमंदिराचा ओटा, दोन चादरी आणि संध्याकाळचा एक तास पुरतो. मोबाइलवर आवाज भरून आमच्याकडे पाठवलात तर रेडिओवरून तो गावोगाव पोचेल.

पुढच्या बैठकीत वसुली झाली की दहा मिनिटं राखून ठेवा आणि ही कीगुंडाची गोष्ट सांगा. मग एकच विचारा: वांगेचीच्या जागी आपण असतो, तर त्या कागदावर अंगठा उठवण्याआधी काय बोललो असतो? बाया जे बोलतील ते कुणीतरी वहीत उतरून घ्या. तुमच्या नाटकाचं पहिलं पान त्यातूनच तयार होईल.