सुटीनंतरच छाती का आवळते?

दिवाळीनंतर हिंगणघाट, देवळी, आर्वीकडे जिनिंग सुरू होते आणि आपली माणसे कापसाच्या धुळीत राबू लागतात. आठवडी सुटीनंतर कामावर गेले की काहींची छाती आवळते, धाप लागते. एक-दोन दिवसांत बरे वाटते. आपण म्हणतो, थंडी बाधली.

श्वास घेताना छातीखालचा पडदा खाली सरकतो, फुप्फुसे फुगतात. हवा नाकातून श्वासनळीत, पुढे बारीक नळ्यांत आणि शेवटी कोट्यवधी वायुकोशांत पोहोचते. तिथे प्राणवायू रक्तात जातो, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. जाड धूळ नाकातच अडते. बारीक धूळ आत शिरते आणि नळ्या आकसतात. कापसाच्या धुळीच्या या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. वर्षानुवर्षे दुर्लक्ष केले तर धाप कायमची होते.

कायद्यातील रोगांच्या यादीत हा आजार आहे. म्हणून डॉक्टरांना नुसते 'दम लागतो' न सांगता 'जिनिंगमध्ये काम करतो' हेही सांगू या. बिडी सोडू या. मालकाकडे मास्क आणि धूळ ओढणारे पंखे मागू या. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर सरकारी दवाखान्यात थुंकी मोफत तपासून घेऊ या.